पाटकऱ्याच्या घरची तार

"अहो, एक तार आहे ना? मग ही दुसरी कशाला?" शिडी धरून उभ्या असलेल्या सनोबरने विचारले.

"एका पाटाने येतं त्याच्या दुप्पट पाणी दोन पाटांनी येतं," द्राक्षांच्या मांडवातून तोलिब-अकांचा आवाज आला. "यात कशाला काय?"

तोलिब-अकांनी उभी हयात रिश्तान गावच्या कालव्यांवर पाटकरी म्हणून काढली होती. कोणाच्या शेताला किती पाणी, कोणत्या पाळीला, हे ते ठरवीत. आणि बांधाखालून चोरून काढलेली मोरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. इंटरनेट घरात आले, तेव्हा त्याकडेही त्यांनी त्याच नजरेने पाहिले. तारेतून वाहते ते आपले. बिनतारी जे हवेत पसरते ते काठावरून सांडलेले पाणी, असा त्यांचा सिद्धान्त होता. वसंतात शेजारच्या नुमोनने पासवर्ड मागितला, तेव्हा त्यांनी त्याला हा सिद्धान्त सविस्तर ऐकवला आणि त्याच दिवशी ओसरीतल्या इंटरनेटच्या डब्यातले बिनतारी प्रक्षेपण कायमचे बंद करून टाकले. तेव्हापासून मोहल्ल्यात बोलले जाई, की तोलिब-अकांच्या घरी हवासुद्धा पाळीने मिळते.

हे बोलणे वधूपक्षापर्यंत गेले होते, आणि आज तोच पक्ष नान मोडायला येणार होता. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एक नान मिळून मोडली, की सोयरीक पक्की. नवरा मुलगा, तोलिब-अकांचा उल्मास, कोरियातल्या कारखान्यात होता; जेवणाच्या सुट्टीत तो पडद्यावर दिसणार होता. मुलीची आजी रिसोलत-बुवी हिने निरोपच धाडला होता: मुलाचे तोंड पाहिल्याशिवाय नान मोडणार नाही, तशीच बांधून परत नेईन.

म्हणून ओसरीतल्या डब्यापासून पाहुण्यांच्या दालनापर्यंत मांडवावरून तार आली होती. दालनात ती एका लहान डबीत शिरे, आणि डबीतून मोठ्या पडद्याच्या संगणकात. त्याच डब्यातून आणलेल्या दुसऱ्या तारेचे टोक शेजारी तयार ठेवलेले होते.

पाहुण्या आल्या. रिसोलत-बुवी मांडीवर नानचे गाठोडे घेऊन पडद्याच्या अगदी जवळ बसली. उल्मासने फोन लावला, आणि पडद्यावर थांबत थांबत एक कपाळ उमटले.

"पोरा, फोन जरा खाली घे," सनोबर म्हणाली.

"कपाळ चांगलं आहे," बुवीने मान्य केले. "पण कपाळावर नान मोडत नाही मी. बाकीचं कुठंय?"

"पाणी कमी पडतंय," तोलिब-अका अधिकारवाणीने म्हणाले. "थांबा, दुसरा पाट सोडतो." आणि त्यांनी दुसरी तार त्याच डबीत खोचली.

कपाळ जागच्या जागी गोठले, आणि डबीवरचे सगळे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकू लागले.

"किती मन लावून काम करते बघा!" मुलीची मावशी कौतुकाने म्हणाली.

"करते खरी," बुवी म्हणाली, "पण मुलगा कुठं दिसतोय?"

तोलिब-अकांनी मांडवावर चढून दोन्ही तारा हाताने चाचपल्या, जोड तपासले, पडद्यावरची धूळही पुसली. कपाळ हलेना. उल्मासची सुट्टी संपत चालली होती. बुवीने गाठोड्याची सैल झालेली गाठ पुन्हा आवळली.

तेवढ्यात भिंतीवरून नुमोनचे डोके वर आले.

"तोलिब-अका! तुमचंही गेलं का हो? इकडं कुस्ती ऐन रंगात आली होती!"

तोलिब-अका भिंतीकडे वळले.

"तुमचंही," तोलिब-अका एकेक अक्षर वेगळे करीत म्हणाले, "म्हणजे?"

नुमोनचे डोके सावकाश खाली गेले. सनोबर बुवीच्या पेल्यात चहा ओतत होती. मानाच्या माणसाचा पेला अर्धाच भरायचा. हा काठोकाठ भरला, तरी तिचा हात थांबेना.

तोलिब-अका ओसरीत गेले. डब्यातून तिसरी एक तार निघाली होती. ती पेटीमागून, गोधड्यांच्या चळतीखालून भिंतीच्या एका छिद्रात शिरली होती, आणि छिद्राला चिंधीचा बोळा होता. कारागिरी वाईट नव्हती.

"कधीपासून?"

"तुम्ही नुमोनला नाही म्हणालात, त्याच संध्याकाळी," सनोबर म्हणाली. "त्यांच्या सुनेचा नवरा रशियात, कडेवर तान्हं पोर. तिला कुठल्या तोंडानं नाही म्हणू? आणि हवेतून नको, तारेतून जाऊ दे, हे तुमचंच म्हणणं. तारेतूनच दिलं."

या युक्तिवादाला उत्तर असणारच, अशी तोलिब-अकांची खात्री होती. परंतु ते सापडण्याआधी त्यांच्यातला पाटकरी जागा झाला. शेजारीही कोरडा पडला असेल, तर दोष कालव्याच्या शेपटाला नाही, मुखाशी आहे. पाणी कमी नाही. ते एका पाटाने जाते, दुसऱ्याने परत मुखाशी येते आणि पुन्हा निघते. नुसता भोवरा! नव्याला वाट मिळणार कुठून? ते दालनात आले आणि त्यांनी दुसरी तार उपसून काढली.

दिवे शांत झाले. क्षणभराने उल्मास पुन्हा उमटला. या वेळी सबंध.

"बाबा, काय झालं? मी मघापासून नुसता हसतोय! गाल दुखायला लागले."

बुवीने त्याला निरखून पाहिले. "हसू दे. दात बरे आहेत." मग ती तोलिब-अकांकडे वळली. "शेजाऱ्याला तार कुणी दिली?"

मोहल्ल्यातली सारी अपकीर्ती एका शब्दात धुऊन निघाली असती. तो शब्द त्यांच्या ओठांवर आलाही होता. परंतु दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी त्यांनी कधी आपल्या नावावर घेतले नव्हते.

"हिने," ते म्हणाले. "मला न विचारता."

"मग नात हिच्या हाताखाली नांदेल," बुवी म्हणाली. तिने गाठ सोडली आणि नानची एक कड सनोबरपुढे धरली. तोलिब-अकांनी पुढे केलेले हात गुपचूप गुडघ्यांवर परत ठेवले.

नान मोडली. आशीर्वाद झाले, उल्मास कामावर गेला. तोलिब-अका भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

"नुमोन! तार तुझ्या बाजूला उघड्या उन्हात पडली आहे. वर्षभरात तडकेल. उद्या तिच्यावर नळी घालू."

"मीच घालणार होतो, अका," भिंतीपलीकडून आवाज आला. "पण ठोकाठोक केली असती, तर तुम्हाला कळलं असतं ना."