मोहितेकाकांचा हिवाळा

नोव्हेंबरचा तिसरा शनिवार, सकाळी साडेसात. हजर: मोहितेकाका, बोटयार्डातले अंकल लिम, मी आणि माझी वही. गैरहजर: मोहितेकाकू आणि हिवाळा.

काकू पुण्यात होत्या. हिवाळा सिंगापुरात कधीच नसतो. तरीही मोहितेकाका दर नोव्हेंबरात आपली बोट हिवाळ्यासाठी बंद करून ठेवतात. जिथे बंदरं गोठतात त्या देशांतले लोक करतात तशी, रीतसर, घाम पुसत पुसत.

काका सेंगकांगला आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात. ते अकराव्या मजल्यावर, आम्ही नवव्या. जन्मभर जहाजदुरुस्तीचं काम केलं आणि निवृत्त होताच, मायदेशी निघालेल्या एका नॉर्वेजियन माणसाकडून, ही जुनी, छोटी बोट घेतली. बोटीसोबत मॅन्युअल आलं. मॅन्युअलमध्ये एक प्रकरण निघालं, हिवाळी साठवणीचं. झालं!

"काका, अहो पण इथे बर्फ कुठे पडतो?" मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"नियमाला हवामान नसतं, नीता."

हे त्यांचं लाडकं वाक्य. रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबताना ते हेच म्हणतात. लिफ्टमध्ये जास्त माणसं शिरली की शेवटच्याला हाताला धरून बाहेर काढतानाही हेच. नोव्हेंबर लागला की त्यांच्याकडे बाजरीची भाकरी सुरू होते आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते कानटोपी घालून बसतात. एसी असतो हे खरं, पण कानटोपी त्यांनी स्टेशनच्या बाहेर, उन्हातच घातलेली असते.

बोटीचं नाव 'सावकाश'. ते काकूंनी ठेवलं. पहिल्या फेरीत त्या तेवढा एकच शब्द बोलल्या होत्या, पण सारख्या.

माझी भरती यादीसाठी झाली. मला याद्या करायची सवय आहे. फ्रिजवर, पर्समध्ये, पाया लेबारच्या ऑफिसातल्या माझ्या टेबलावर, सगळीकडे याद्या असतात. एकदा लिफ्टमध्ये माझी सामानाची यादी काकांनी वाचली, त्यात 'यादी नवऱ्याला देणे' हेही कलम होतं. "तू माणूस नाहीस, तपासणी आहेस," ते म्हणाले. इतकं कौतुक माझं घरात कोणी केलेलं नाही. तेव्हापासून दर वर्षी काका काम करतात आणि मी खुणा करते.

या बोटीचं इंजिन पोटात असतं आणि त्याचा पाय मागून बाहेर, पाण्यात सोडलेला असतो. त्या पायाला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. पायाच्या टोकाला दोन पंखे, म्हणजे प्रोपेलर, एकामागे एक, एकमेकांच्या उलट फिरणारे.

"नवरा-बायको," काकांनी मला समजावलं होतं. "उलट फिरतात म्हणून बोट सरळ जाते."

यंदा मात्र यार्डात शिरल्या शिरल्या अंकल लिमनी हात आडवा केला. "अंकल, प्रोपेलर डोन्ट रिमूव्ह लाह. बायर कमिंग टुमॉरो. ही वाँट टू टेस्ट."

गिऱ्हाईक शोधायला काकांनीच सांगितलं होतं. गणपतीत काका-काकू दहा दिवसांसाठी पुण्याला गेले आणि तिथे बाथरूममध्ये काकूंचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. काका दोन महिने उशाशी बसून होते. त्यांची लेक शर्वरी पुण्यातच असते. ती म्हणाली, आता पुरे, इकडेच या दोघं. फ्लॅट सोडायचा, बोट विकायची, असा तिला शब्द देऊन काका मागच्या आठवड्यात एकटेच परतले होते.

काकांनी लिमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नीता, यादी."

बोट ओढून जमिनीवर घेतलेली होती. पायातलं तेल खालच्या बुचातून काढलं. काकांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं, नाकाशी नेलं, कढवलेलं तूप बघावं तसं उजेडात धरलं. तेल दुधी दिसलं तर समजायचं, कुठूनतरी पाणी शिरलंय. दुधी नव्हतं. खूण. नवं तेल खालूनच चढवलं, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत. खूण. पाय पूर्ण खाली सोडला, म्हणजे आत पाणी राहत नाही आणि सांध्यावरच्या रबराच्या घडीला बाक येत नाही. खूण. गोठू नये म्हणून घालायचं औषधसुद्धा इंजिनात घातलं. लिमनी आकाशाकडे बघितलं. वर सूर्य होता, चांगला सणसणीत.

"पुढचं कलम, पंखे काढणे," मी म्हणाले.

काका उठले. "आधी कॉफी घेऊ."

मी वहीत पाहिलं. कॉफी हे कलम कोणत्याच वर्षी नव्हतं.

कडेच्या बाकावर आम्ही प्लास्टिकच्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसलो. तेवढ्यात पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. काकू उशांना टेकून बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले.

"काय हो, काढले का पंखे?"

"काढतोय. तू चाललीस का आज?"

"वॉकर धरून खिडकीपर्यंत. तुमच्या लिमला सांगा, मी त्याच्यापेक्षा जोरात चालते. मागच्या खेपेला पंख्यामागे नायलॉनचा दोरा गुंडाळलेला निघाला होता, बघा हं. तेल अडवणारं सील कापतो तो. आणि मागचा लाल कपड्यात, पुढचा हिरव्यात. बदलू नका."

फोन शर्वरीच्या हातात गेला. "बाबा, गिऱ्हाइकाचं काय ठरलं? उद्या येणार आहे ना?"

काकांनी कानटोपी सारखी केली. "हिवाळ्यात बोट विकत नाहीत, बेटा. मॅन्युअलमध्ये आहे."

"असं कुठे असतं बाबा?"

"नियम आहे. मी काय करणार?"

ते मॅन्युअल मी तीनदा वाचलंय. असं त्यात कुठेही नाही. मी वहीत डोकं घातलं.

मग काका बाकावरून जे उठले ते थेट बोटीपाशी. पात्याखाली लाकडाचा ठोकळा अडकवला, नट फिरवला. आधी मागचा पंखा, मग पुढचा. दोरा निघालाच, वीतभर. तो त्यांनी चिमट्याने काढून खिशात ठेवला, काकूंना दाखवायला. दांड्यावर ग्रीस चोपडलं. लिम डोकं हलवत गिऱ्हाइकाला फोन करायला गेले. "एव्हरी इयर लाइक दॅट," जाता जाता मला म्हणाले. "नो विंटर, बट ऑल्सो विंटर."

पंखे गुंडाळायचं काम माझं. दर वर्षी ते काकू पुण्याला निघण्याआधी घरी करायच्या, यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आलं. कपडे म्हणजे ब्लाउजपीस. सिंगापुरातल्या मराठी बायकांमध्ये हळदीकुंकवाचे ब्लाउजपीस वर्षानुवर्षं नुसते फिरत असतात, शिवत कोणीच नाही. त्यातला हिरवा मी ओळखला. मीच दिला होता आणि मला तो जुरोंग ईस्टच्या एका मैत्रिणीने दिला होता. आता ग्रीस लागून तो एकदाचा सेवानिवृत्त झाला होता.

लाल कपड्याच्या कोपऱ्याला सेफ्टीपिनने चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, एका वर्षाची एक. प्रत्येकीवर दोन ओळी. 'काढले' आणि तारीख, काकांच्या अक्षरात. 'बसवायचे' आणि तारीख, काकूंच्या अक्षरात. मला याद्या दिसल्या की वाचल्याशिवाय राहवत नाही. काढले नोव्हेंबर, बसवायचे मार्च. नोव्हेंबर, मार्च. काकू दर वर्षी चार महिने आपल्या म्हाताऱ्या आईकडे पुण्याला जायच्या, ते मला माहीत होतं. एका चिठ्ठीवर मात्र मी अडखळले. काढले जुलै, बसवायचे सप्टेंबर.

"काका, जुलैत हिवाळा?"

"त्या वर्षी लवकर आला होता." ते हात पुसत होते. फडकं खांद्यावर टाकत म्हणाले, "शर्वरीचं बाळंतपण होतं."

मी चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या. मार्चच्या त्या सगळ्या तारखा काकूंच्या परतीच्या विमानाच्या होत्या.

काकांनी खिशातून कोरा कागद काढला आणि त्यावर 'काढले' लिहून आजची तारीख घातली. मग पेन माझ्यापुढे धरलं. "दुसरी ओळ तू लिही. माझं अक्षर नको तिथे."

"तारीख काय घालू?"

"डॉक्टर जानेवारीत बघून सांगणार आहेत, विमानात बसता येईल का. तोवर सोड मोकळी. पण ओळ लिही. ओळ हवी."

मी लिहिली. पिन लावली. काकांनी दोन्ही गाठोडी कुशीत घेतली आणि कानटोपी घालून माझ्याबरोबर बसस्टॉपकडे निघाले.

पंखे आता त्यांच्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे इथल्या घरांत असते त्या जाड भिंतींच्या कोठीत आहेत, तांदळाच्या पिशवीशेजारी. माझ्या वहीत सगळ्या कलमांपुढे खुणा झाल्या आहेत, एक सोडून. पंखे बसवणे, आधी पुढचा, मग मागचा. तारीख घालायची आहे.