फोटोतून कापलेला माणूस

आधीच सांगून ठेवतो, संशय घेणं माझ्या रक्तात नाही! बायको कुणाशी बोलली, कुणाकडं बघून हसली, असल्या चौकशा करणाऱ्या नवऱ्यांची मला कीव येते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण शिवलीलाचा मोबाइल मी एकदाही उघडून बघितलेला नाही. (तिनं पासवर्ड सांगितलेला नाही, तो भाग वेगळा.)

तर त्या सोमवारी मी कारखान्यात चहा पीत होतो. आमचा टॉवेल-नॅपकिनचा कारखाना, आणि मी गुरुसिद्धप्पा, पॅकिंगचा सुपरवायझर. हाताखाली तेरा माणसं. त्यातला येडू मोबाइल नाचवत आला.

"अण्णा, वहिनी फेमस झाल्या की!"

कुणी एक पोरगा म्हणे आपल्या सिटी बसमध्ये बसतो, माणसांचे त्यांच्या नकळत फोटो काढतो आणि फेसबुकवर टाकतो. त्यात शिवलीला! खिडकीशी बसलेली, पदर तोंडाला लावलेला, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतेय! दोन हजार लाइक!

मी बघतच राहिलो. माझ्या घरात ही बाई अशी कधी हसलेली नाही हो! माझ्या विनोदावर ती फार तर "गॅस बंद केला का?" म्हणते. आणि इथं कुणाकडं बघून एवढी फुललीय? समोरचा माणूस फोटोतून कापलेला होता. कडेला त्याची दोन बोटं तेवढी दिसत होती आणि बोटांत एका नॅपकिनचं टोक. पिवळं, त्यावर दोन लाल पट्ट्या.

माझा चहा सांडला! रंग फसला म्हणून मालकांनी तो माल बाजारात न पाठवता दिवाळीला आम्हा पॅकिंगवाल्यांनाच वाटून टाकला होता. जगात तसले चौदाच नॅपकिन. म्हणजे तो माणूस माझ्याच खात्यातला!

"किती गोड हसतायत की वहिनी," येडू म्हणाला.

"तुझा नॅपकिन कुठाय?" मी म्हणालो.

शिवलीलाला सरळ विचारायचं? छे! विचारलं की मी संशयी ठरणार. म्हणून जेवताना आडून आडून सुरुवात केली.

"आजकाल बसला गर्दी असते का गं?"

"असते की."

"मजा येते?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि काहीतरी आठवून एकटीच खुदकन हसली. "येते कधी कधी."

माझ्या घशात शेंगाचटणी अडकली! तांब्याभर पाणी प्यालो, पण आतली जळजळ काही थांबेना.

दुसऱ्या दिवशी मी खात्यात फर्मान काढलं. दिवाळीचा नॅपकिन प्रत्येकानं उद्या आणून दाखवायचा, क्वालिटी तपासायची आहे! बुधवारी रांग लागली. एकाच्या नॅपकिनची बाळाची लंगोटं झाली होती. येडूनं मोटारसायकल पुसून पुसून त्याचं काळं फडकं केलं होतं. पण पुरे तेरा भरले! चौदावा माझा, त्याचा तर प्रश्नच नव्हता. गाडी गॅरेजला होती त्या आठवड्यात मी पण शिवलीलाबरोबर त्याच बसनं घरी यायचो, तेव्हा तो कुठंतरी हरवला होता. बसमध्ये टेकलो की माझा डोळा लागतो. स्टॉप आला की शिवलीला चिमटा काढून उठवते.

आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो माझाच नॅपकिन होता! कुणीतरी हरामखोर आधी माझा नॅपकिन लंपास करतो आणि मग तोच हातात घेऊन माझ्याच बायकोला हसवतो! आता पुरावा हवा होता. फोटोला फोटोनंच उत्तर द्यायचं ठरवलं.

शिवलीला सात रस्त्याला शिवणक्लास घेते आणि संध्याकाळच्या बसनं परत येते. गुरुवारी मी एक स्टॉप आधीच चढलो आणि मागं बसलो. ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट घातलं होतं, काच खाली ओढून! सोलापूरचं ऊन आणि त्यात हेल्मेट, डोक्याचं पार भरीत झालं. शेजारची म्हातारी, तिला सगळे बजाबाई म्हणत होते, माझ्याकडं टक लावून बघत होती.

"काय रं, बस उलटणार हाय व्हय?"

मी तोंड खिडकीकडं फिरवलं. पुढच्या स्टॉपला शिवलीला चढली, पुढं खिडकीशी बसली. मी मोबाइल पोटाशी धरून आजूबाजूच्या पुरुषांचे फोटो काढायला लागलो. कुणाचा खांदा, कुणाची पिशवी, कुणाची मांडी, जिथं जिथं नॅपकिन असू शकतो तिथं तिथं! सत्तावीस फोटो बिनबोभाट निघाले. अठ्ठाविसाव्याला फ्लॅश पडला!

"ए हेल्मेट! माजा फोटू काढलास व्हय रं?" बजाबाई कडाडल्या.

"नाही हो मावशी!"

"मग उजेड कसला पडला? ईज चमकली?"

"बायकांचे फोटो काढतोय!" कुणीतरी ओरडलं.

"बायकांचे नाही हो!" मी त्याहून मोठ्यानं ओरडलो. "मी फक्त पुरुषांचे काढतो!"

सगळ्या बसनं माना वळवल्या. कंडक्टरनं माझा मोबाइल घेतला आणि एकेक फोटो बघायला लागला.

"हा माझा फेटा हाय!" एक आजोबा म्हणाले. "तीन बाजूंनी काढलाय!"

"आणि ही मांडी कुणाची?"

"अहो, मी नॅपकिन शोधतोय!" मी कळवळून म्हणालो.

"आधी ते हेल्मेट काढा!"

घामानं ते अडकलं होतं. दोघांनी धरून ओढलं, तेव्हा कुठं मी बाहेर आलो. पुढून आवाज आला, "अय्यो देवरे! अहो, तुम्ही?"

"ह्यो तुजा मालक हाय व्हय गं?" बजाबाईंनी विचारलं.

शिवलीलानं क्षणभर विचार केला. "आहेत," ती म्हणाली.

"अरं, फोटू ह्यो नंदीश बी काढतो की," बजाबाईंनी मागच्या सीटवरच्या पोराकडं बोट केलं. "पर काढला की दावतो, इचारतो. नगं म्हटलं की पुसतो. चोरून न्हाय ठेवत!"

कुरळ्या केसांचा, गळ्यात कॅमेरा, आणि सगळ्या बायका त्याच्याकडं लेकासारख्या कौतुकानं बघतायत! माझ्या अंगाची नुसती आग झाली.

"माझ्या बायकोचा फोटो तूच काढलास ना? मग पूर्ण फोटो दाखव! समोर कोण होता?"

नंदीश चाचरला. "काका, राहू द्या ना. तेवढा भाग काकूंनीच कापायला सांगितला."

कापायला सांगितला! मला घेरी यायचीच बाकी राहिली.

"अहो, घरी चला," शिवलीला दबक्या आवाजात म्हणाली. "घरी सांगते."

"आत्ता! सगळ्यांसमोर! मला काही लपवायचं नाही!"

"पण मला आहे ना!"

"दाव रं!" बजाबाईंनी निकाल दिला.

नंदीशनं मोबाइल पुढं केला. वीस डोकी त्यावर वाकली.

उजवीकडं शिवलीला, हसून हसून लाल झालेली. मधे पांढऱ्या टोपीचा, मोहोळकडचा असावा असा एक पाव्हणा, हलायची सोय नाही म्हणून ताठ बसलेला. त्याच्या खांद्यावर माझं डोकं! तोंड एवढं उघडं की आख्खा लाडू आत गेला असता. लाळ त्याच्या नव्या कोऱ्या सदऱ्यावर. आणि तो भला माणूस माझ्याच पिवळ्या नॅपकिननं, तान्ह्या पोराचं पुसावं तसं, माझं तोंड पुसत होता!

बस हसली! ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन फोटो बघितला आणि तोही हसला. तो नॅपकिन पाव्हण्याबरोबर मोहोळला गेला असणार. गेला तर गेला, तेवढा हक्क होता बिचाऱ्याचा.

"काका," नंदीशनं अदबीनं विचारलं, "परवानगी असली तर आता पूर्ण फोटो टाकू का?"

मला काही लपवायचं नाही, असं आत्ताच गरजलो होतो. आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? टाकला त्यानं. अकरा हजार लाइक! शुक्रवारी येडूनं प्रिंट काढून खात्यात भिंतीला चिकटवला.

त्या गुरुवारी बसमधून उतरून घरी जाताना शिवलीला म्हणाली, "तेरा माणसं हाताखाली आहेत तुमच्या. चारचौघांत शोभा नको, म्हणून कापायला लावलं होतं. तुम्हाला धीर कुठाय!"

खरं सांगू का? एवढं होऊनही माझं जळणं थांबलं नाही. आता मला त्या झोपलेल्या माणसाचा हेवा वाटतो. अकरा वर्षं मी जागेपणी धडपडतोय, आणि तो लेकाचा झोपेत तिला डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसवून गेला!

म्हणून परवा मुद्दाम गाडी घरी ठेवली आणि तिच्याबरोबर बसनं निघालो. डोळे मिटले, तोंड उघडलं, शेजारच्याच्या खांद्यावर अलगद मान टाकली. दोन स्टॉप गेले. काहीच आवाज नाही. हळूच एक डोळा किलकिला केला, तर शिवलीला निवांत खिडकीबाहेर बघत बसलेली!

"नीट बसा," बाहेर बघतच ती म्हणाली. "घोरायचं विसरलात."

हसली ती बाकीची बस!