केंझाच्या नावाचं लोणी

"पोरगी जन्मली की लोणी पुरावं, पोरगी नांदायला निघाली की उकरावं. मधे झाकणाला हात लावील त्याची जीभ झडो!"

तेवीस वर्षांपूर्वी, नातीचं नाव ठेवलं त्या दिवशी, म्हाताऱ्या मन्नानाने हे ठणकावून सांगितलं, खारवलेल्या लोण्याचं, म्हणजे स्मेनचं, मडकं बगलेत मारलं आणि ती एकटीच आत गेली. बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत माती. पुढल्याच वर्षी ती वारली, पण जागा काही सांगून गेली नाही.

आता त्या नातीचं, केंझाचं, लग्न जमलं होतं. शुक्रवारी दुपारी मुलाची आई, लल्ला खदूज, कुसकुस जेवायला येणार होती. ती फेझमधल्या जुन्या घराण्यातली. हमामात न्हाताना, भर बायकांत ती बोलून गेली होती, "मुलीच्या वयाचं स्मेन चाखू आणि मगच लग्नाचा दिवस पक्का करू."

"मडकं सापडलंच पाहिजे," केंझाचा बाप अब्दुलहक म्हणाला. तो चामड्याच्या चपला शिवायचा.

"कशाला?" त्याची बायको बतूल म्हणाली. "बाजारातून आणू की."

"बाजारातून!" नणंद झोहराने छातीवर हात मारला. "सफी बंदरातली ती बंदरातलीच! वहिनी, तुम्हा समुद्राकाठच्यांना मासळीपलीकडे काय कळणार?"

झोहराचं नाक गल्लीत नावाजलेलं. कुणाचंही मडकं उघडलं की तिला बोलावणं यायचं. ती डोळे मिटून सांगायची, "नऊ वर्षं. डोंगरातल्या गाईचं."

घर उपसायला घेतलं. माळ्यावर खारातल्या लिंबांची बरणी निघाली, लिंबं काळी ठिक्कर. अब्दुलहकने एक तोंडात टाकलं. "वाईट नाही," तो विचार करून म्हणाला. कपाटामागे बदामाच्या वड्या निघाल्या, कुणाच्या तरी लग्नातल्या. त्याने एक चावली, दाढ हलली. मग चरबीत मुरवलेल्या मांसाचं गाडगं निघालं, वर हिरवीगार लव.

"बाबा, पुरे!" केंझा ओरडली. "माझ्या लग्नात दवाखान्यात निजायचंय का?"

"अगं, बघू दे. तेवीस वर्षांचं लोणी कसं लागत असेल, सांग बरं? कुणी चाखलंय?"

खरंच, कुणीच चाखलं नव्हतं. शेजारणीसुद्धा पीठ मागायच्या निमित्ताने डोकावून विचारत, "निघालं का?" बतूल मात्र कोळशाच्या खोलीच्या दारात उभी राहिली ती हलेचना.

"इथे नाही. इथे नुसते उंदीर."

"तुला काय ठाऊक?" म्हणत अब्दुलहकने तिला बाजूला केलं आणि कुदळ मारली. तिसऱ्या घावाला मडकं वाजलं.

झाकण उघडताच मांजर उठून गेलं. आत पिवळट, करडं, गोठलेलं काहीतरी. झोहराने बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले. "तेवीस वर्षं! अक्रोड... आणि मागून जरासा धूर."

केंझाने चाखलं. तिचं तोंड वाकडं झालं, पण आत्याकडे बघून ती म्हणाली, "असेल... अक्रोड."

अब्दुलहकने तीनदा चाटलं. "अक्रोडबिक्रोड मला नाही कळत. पण चव ओळखीची आहे. रोज भेटणारा माणूस असतो ना, तोंड ओळखीचं नि नाव आठवत नाही, तशी."

"टाकून द्या," बतूल म्हणाली. "खराब झालंय ते."

"वहिनी, स्मेन खराब होत नाही. खाणाऱ्याची जीभ खराब असते!"

शुक्रवार उजाडला. परात मधोमध आली, वाफ वर चढली. लल्ला खदूजने मडक्यात चमचा घातला, "बिस्मिल्ला" म्हणून उचलला, आणि बतूलने तिचं मनगट धरलं.

"खाऊ नका, विहीणबाई. ते लोणी नाही. चामड्याला लावायची चरबी आहे. यांच्या डब्यातली. मी भरली."

"तरीच!" अब्दुलहक मांडीवर थाप मारून ओरडला. "तरीच म्हटलं, कुठे भेटलोय!"

सगळ्यांच्या माना झोहराकडे वळल्या.

"आत्या," केंझा म्हणाली, "अक्रोड?"

झोहराचे कान लाल झाले. "अकरा वर्षं झाली," ती पुटपुटली. "त्या तापानंतर मला कसलाच वास येत नाही."

केंझाने मान खाली घातली. तिचं सगळं लग्न त्या चमच्यावर टांगलेलं होतं. लल्ला खदूजने चमचा खाली ठेवला.

"मग लोणी गेलं कुठे?"

"मी खाल्लं."

"सगळं?"

"सगळं."

लल्ला खदूज बतूलकडे वळली. मग परातीतला मांसाचा मऊ तुकडा तोडून तिने बतूलच्या पुढ्यात सरकवला. "दिवस पुढच्या महिन्यात धरू. आधी हे खा, आणि खरं सांग," ती पुढे वाकली, "कसं लागत होतं?"

बतूलने तुकडा हातात धरला, खाल्ला नाही.

"आधी गोड. मग खारट. मग असं, की बोट चाटून झालं तरी जीभ थांबेना. बाळंतिणीच्या खोलीत होते मी, भिंतीपलीकडे माती उकरल्याचं ऐकलं होतं. एकोणीस वर्षांची होते, घरात नवी. ही दिवसभर अंगावर प्यायची, मला भूक लागायची, आणि अजून वाढा म्हणायची लाज वाटायची." तिने केंझाकडे बघितलं. "हिच्याच नावाचं होतं ना? हिलाच पोचलं. माझ्या दुधातून."