वरपक्ष सीमध्ये, वधूपक्ष बेसिकमध्ये

समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यासाठी कॉम्प्युटरवर प्रोग्राम करायचं ठरलं, तेव्हा समाजाचे अध्यक्ष भोजराज पटल्यांनी कामाची वाटणी रीतीप्रमाणेच केली. मुलांची बाजू मुलाने लिहावी, मुलींची मुलीने. त्यामुळे वरपक्ष तिलक तुरकरने ‘सी’ या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला आणि वधूपक्ष भोजराजजींची भाची ओमेश्वरी रहांगडाले हिने व्हिज्युअल बेसिकमध्ये. मेळाव्याच्या सकाळी, सालेकशाहून पाहुण्यांची रेल्वेगाडी पोचायच्या आत, दोन्ही बाजू जोडून एक प्रोग्राम करायचा होता.

तिलकच्या मनात आणखी एक जोडणी होती. मेळावा नीट पार पडला की तो भोजराजजींकडे ओमेश्वरीला मागणी घालणार होता, आणि तिची सोयरीक मामाच्या शब्दाबाहेर होणार नव्हती. वाऱ्यावर धानाची लोंबी हलावी तसा तो सकाळपासून समाजभवनात हलत होता. बसला की उठत होता.

प्रोग्रामचं काम साधं होतं. मुलगा-मुलगी एकाच कुळाची, म्हणजे एकाच आडनावाची निघाली, की थांबवायचं. जोडणी झाल्यावर भोजराजजी म्हणाले, आधी आमचंच पाहा. त्यांचं नाव मुलांत घातलं, त्यांच्या पत्नी, माहेरच्या बिसेन असलेल्या गोमतीबाईंचं मुलींत. पडद्यावर उमटलं: एकच कूळ. सोयरीक होत नाही.

गोमतीबाई चहा गाळत होत्या. "आता सांगून राहिला का हा?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तीन लेकरं झाल्यावर?"

भोजराजजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दुपारी अख्ख्या समाजासमोर हेच झालं तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

खोट लवकरच सापडली. कुळांची यादी दोघांची एकच, पण तिलक ती शून्यापासून मोजत होता आणि ओमेश्वरी एकापासून. मुलांमधल्या पटल्यांना जो आकडा, तोच मुलींमधल्या बिसेनांना आला, आणि प्रोग्राम नुसते आकडेच ताडून पाहत होता.

"तू एकापासून काऊन मोजून राहिली?"

"मंग पहिल्या कुळाले शून्य म्हणू? तूच बदलव."

"मी नाही बदलवत."

ती आपल्या कॉम्प्युटरकडे निघून गेली. तिची पाठ पाहून तिलकला वाटलं, एका आकड्यापायी जन्माची सोयरीक घालवायची कायले? त्याने गुपचूप आपली मोजणी एकापासून केली.

गाडीची शिटी ऐकू आली. पुन्हा जोडणी झाली आणि भोजराज-गोमतीचं लग्न शाबूत निघालं. टोपी डोक्यावर गेली.

"आता तुमचं दोघाईचं टाकून पाहा," मामा सहज म्हणाले. "समोरच आहा म्हणून."

पडदा म्हणाला: एकच कूळ. सोयरीक होत नाही.

मामांनी विचारलं, तुरकर अन् रहांगडाले एक कसे झाले गा?

"मी बदलवलं होतं, मामाजी," तिलक पुटपुटला. "हिच्यासारखं एकापासून केलं."

ओमेश्वरी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी याच्यासारखं शून्यापासून केलं."

मग दोघंही एकदमच आपापल्या कीबोर्डकडे धावली.

"थांबा," गोमतीबाईंनी ओमेश्वरीचा हात धरला. "आता एकच जण सरकंल. पोरा, तूच ये मागं."

तिलक मागे, पुन्हा शून्यावर आला. पडदा म्हणाला: सोयरीक होते.

बाहेर सालेकशाची माणसं चपला काढत होती. भोजराजजींनी एकदा पडद्याकडे, एकदा त्या दोघांकडे पाहिलं, मग दाराकडे वळून म्हणाले,

"घ्या आत सगळ्याईले. पहिली जोडी जमली म्हणून सांगा."