पासवर्डवरचा डोळा

अकरा वाजता मुलाखत होती आणि लॅपटॉप काही मिनलला आत घेईना. पासवर्ड टाकला की काळे ठिपके उमटत, पडदा नकारार्थी मान हलवल्यासारखा हले आणि रकाना रिकामा होई. ओवी झाल्यापासूनची ही पहिलीच नोकरीची संधी, तीही घरबसल्या.

मांडीवर ओवी, म्हणून तिनं हिंगण्याला कंपनीत गेलेल्या नवऱ्याला स्पीकरवर फोन लावला. बाळंतपणापासून तू सगळंच विसरून राहिली, असं ऐकवून धर्मेंद्रनं पासवर्ड विचारला.

मिनलनं शेजारी लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. "पासवर्ड कोणाले सांगत नसतेत."

मनकर्णाबाई जवळ सरकल्या. कुहीहून त्या सव्वा महिन्यासाठी आल्या होत्या. ओवीला आता दोन दात आले होते.

"रकान्याच्या बाजूले डोळ्याचं चित्र आहे, ते दाब," धर्मेंद्र म्हणाला. "काय उमटून राहिलं ते दिसन."

मिनलनं डोळा दाबला, स्वतःचे मिटले आणि टाईप केलं. उमटलं : ओोगखहपगता...

"हे तं मराठी दिसते," सासूबाई म्हणाल्या, "पन वाचाले जमून नाही राहिलं."

मिनलचा जीव भांड्यात पडला. विहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका टाईप करायला धर्मेंद्रनं काल मराठी कळफलक लावला होता.

"काढाचा विसरलो वं," तो हळूच म्हणाला. "वरच्या कोपऱ्यात इंग्रजी कर."

तिनं केलं आणि घाईघाईनं पासवर्ड टाकला. डोळा उघडाच होता. बहिणीला रोज रोमन अक्षरांत मेसेज धाडणाऱ्या मनकर्णाबाईंनी ओठ हलवत अक्षरं जुळवली : आई कुहीले कधी जातील.

लॅपटॉप उघडला. सासूबाईंनी ओवीला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मुलाखत मिनलनं कशीबशी दिली. कामाच्या वेळात मुलीला कोण पाहील, असं विचारलं तेव्हा ती दाराकडे बघत म्हणाली, "सासूबाई." त्यावर लगेच होकार आला.

तिनं दार ढकललं. खाटेवर पिशवी अर्धी भरलेली होती आणि ओवी तिच्यातून एकेक पातळ बाहेर ओढत होती.

"लागली नोकरी?"

"हो, आई."

"मंग आधी तो पासवर्ड बदल," ओवीच्या तोंडातून पदर सोडवत मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् नवा मले सांगून ठेव."