एकच एरर उरलाय

दवाखान्याच्या खुर्चीत दादा आडवा झाला होता. तोंड उघडे, नजर छताच्या दिव्यात हरवलेली. त्याच्या उशाशी त्याची दंतवैद्य बहीण हातमोजे चढवून उभी होती. आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी तिचा नवरा पडद्यावरच्या तांबड्या ओळीकडे पाहत होता, जसे कोणी आपल्याच घराच्या दाराला लागलेल्या परक्या कुलपाकडे पाहावे.

"झालं का?" अखेर ती म्हणाली.

"एकच एरर उरलाय."

"इंजेक्शनच्या आधीही हेच म्हणाला होतात."

त्याच शब्दावर विसंबून तिने इंजेक्शन दिले होते. दादाच्या दोन दाढांवर संशय होता. नेमकी कोणती काढायची, ते कालच्या एक्स-रेत दिसले असते. पण सगळ्या रुग्णांचे एक्स-रे आता कॉम्प्युटरमधल्या एका बंद तिजोरीत होते. तिजोरी राखणारे जुने सॉफ्टवेअर नवऱ्याने सकाळीच पुसून टाकले होते. नवे तयार मिळत होते. दादाचे कॉम्प्युटरचे दुकानच होते, तो खोक्यासकट आणून द्यायला तयार होता. पण नवरा पडला अभियंता. "दुसऱ्यानं उभ्या केलेल्या भिंतीआड मी निर्धास्त झोपू कसा? मूळ कोड आणतो, इथेच कंपाइल करून प्रोग्रॅम बनवतो," असे तो म्हणाला होता. त्यावर बायकोने शांतपणे अट घातली होती: आज हे जमले नाही, तर उद्यापासून दवाखान्याचा कॉम्प्युटर दादा सांभाळेल.

"दादा, निदान आठवून सांग, कोणती दुखत होती?"

"आता कायच कवत नाय," दादा बधिर जिभेने म्हणाला. त्याही अवस्थेत त्याच्या डोळ्यांत मेहुण्याच्या फजितीचा आनंद लपत नव्हता. "खोकं आणू, जावईबापू?"

"पडून राहा हो तुम्ही!"

पहिला एरर साधा होता: कोडला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सापडत नव्हती. नवऱ्याने ती आणली, तीही सर्वांत ताजी. ती इतकी ताजी निघाली की जुन्या कोडशी तिची ओळखच पटेना. त्याने मागची आवृत्ती शोधली, तर ती अस्सल असल्याची सही जुळेना. घड्याळाकडे पाहत त्याने सही तपासण्याचे कलम बंद केले. एक फांदी छाटावी आणि तिथे चार फुटवे यावेत, तशा खालून इशाऱ्यांच्या ओळी उगवल्या. प्रत्येक इशाऱ्याला चूक मानण्याची शिस्त त्या कोडच्या कर्त्यांनी घालून दिली होती. नवऱ्याने ती शिस्त मोडली. मग चाचण्या नापास झाल्या. त्याने चाचण्या गाळल्या.

"अहो, त्याचा ओठ हलायला लागलाय, बधिरपणा उतरतोय," बायको म्हणाली.

"झालंच!"

आणि खरोखरच झाले. तांबडे सारे मावळले, पडद्याच्या तळाशी हिरवी ओळ उजाडली. पण नवजात प्रोग्रॅम सुरू होताच कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पहारेकऱ्याने त्याला अनोळखी ठरवून दारातच अडवले. नवऱ्याने पहारेकऱ्यालाच रजा दिली.

"तुझा पासवर्ड टाक," तो मोठ्या ऐटीत म्हणाला.

तिने कोपराने त्याला बाजूला सारले, हातमोजा काढून पासवर्ड टाकला. तिजोरी उघडली. काळ्या पार्श्वभूमीवर दादाच्या दाढा धुक्यातल्या डोंगरांसारख्या उभ्या राहिल्या. मागच्या दाढेच्या मुळाशी अंधाराचा एक डाग होता.

"मागची," ती म्हणाली, नवे हातमोजे चढवून वळली, आणि थोड्याच वेळात दाढ बशीत वाजली.

नवरा खुर्चीत रेलला. त्याच्या मनात ओढ्याकाठच्या सकाळीसारखी शांतता होती. "बघितलंत दादा? स्वतःच्या हाताची गोष्टच वेगळी."

"मानलं बुवा," दादा तोंडातला कापूस सावरत म्हणाला. हरल्याचे दुःख त्याला फारसे नव्हते. ठणका थांबला होता.

तेवढ्यात नव्या प्रोग्रॅमने आपली पहिली तपासणी पूर्ण केली. पडदाभर चौकट पसरली. नवऱ्याने ती झाकायला हात पुढे केला, पण दादा तोवर उठून वाचू लागला होता.

"'आज या यंत्रावर सह्यांची तपासणी थांबवण्यात आली. चाचण्या टाळण्यात आल्या. मूळ संरक्षण बंद करण्यात आले. घुसखोर ओळखला असून त्याला रोखून धरले आहे.'" दादाने मान वळवली. "घुसखोराचं नाव तुमचंच दिसतंय की, जावईबापू!"

"काम चोख करतंय ना? मग झालं तर!" नवरा म्हणाला, पण त्याच्या बोटांखालचा कीबोर्ड निपचित पडला होता.

चौकटीच्या तळाशी मालकासाठी एकच प्रश्न होता: ही व्यक्ती विश्वासू आहे का? खाली दोन बटणे. हो. नाही.

"'हो' दाब ना," नवरा काकुळतीने म्हणाला.

"विचार करून दाब गं," दादा गालावर हात धरून हसला. "घाई नाही."

बायकोने पडद्याकडे पाहिले. मग नवऱ्याकडे, अगदी लग्नाच्या पहिल्या वर्षासारखे निरखून. तिच्या गालाला खळी पडली. तिने हातमोजे काढले, टोपलीत टाकले आणि हात धुवायला आत निघून गेली.