धोंडबा गव्याचा उतार

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी सुखी होते. तशी सक्तीच होती.

रोज सकाळी सूर्य झाडांच्या वर आला, की प्रत्येकानं ‘सुखी अरण्य परिवार’ या ग्रुपवर ‘मजेत आहे’ असं लिहून पाठवायचं. ज्याचं आलं नाही, त्याच्या घरी चिटणीस कोल्हे स्वतः जात आणि तो मजेत येईपर्यंत उठत नसत. जंगलात मोबाईल कसे आले, ते मला विचारू नका. जंगलात सगळं येतं.

या जंगलात धोंडबा नावाचा एक गवा राहायचा. अंग पहाडासारखं, मान खांबासारखी. तोही रोज ‘मजेत’ पाठवायचा. पण धोंडबा मजेत नव्हता. धोंडबा उताराला घाबरत होता.

झालं होतं असं, की मागच्या श्रावणात तो शेवाळावरून घसरला आणि करवंदीच्या जाळीत जाऊन पडला. लागलं काही नाही. पण तेव्हापासून जमीन जरा तिरकी दिसली, की त्याचे पाय थरथरायचे. आता पावसाळा सरलेला, हिरवं गवत सगळं खाली दरीत, आणि हा वर सड्यावर, उघड्या कातळावर. महिनाभर वाळक्या काड्या चघळून त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या.

“डाएट करतोयस वाटतं?” असं सगळे कौतुकानं विचारायचे. एवढ्या मोठ्या गव्याला भीती वाटत असेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आलं ते फक्त साळूमावशीच्या. ती होती साळिंदर. अंगभर काटे, पण बोलणं मऊ.

“धोंडबा, मनात काय आहे ते लिहून काढ,” ती म्हणाली. “डोक्यात असतं तोवर ते गरगरतं. लिहिलं, की एका जागी बसतं. मग त्याच्याकडे नीट बघता येतं.”

“मावशी, माझे खूर बघ. लिहू कशानं?”

“मग बोल. मोबाईल लिहील.”

धोंडबा झुडपाआड गेला आणि मोबाईलशी कुजबुजला, “उतार बघितला की छातीत धडधड होते.”

मोबाईलनं लिहिलं, ‘उतार बघितला की छातीत गडबड होते.’

धोंडबानं वाचलं. ‘हेच जास्त बरोबर आहे,’ त्याला वाटलं. मग तो बोलतच सुटला. शेवाळ, करवंदी, उपास, सगळं आलं. शेवटी तो म्हणाला, “तसा मी आयुष्यात हजार उतार उतरलो. घसरलो एकदाच.” हे वाक्य समोर उमटलं आणि तो चमकला. हा हिशेब त्यानं आजवर कधी केलाच नव्हता.

खूश होऊन त्यानं ‘जपून ठेवा’ दाबलं. पण खूर तो खूर. शेजारचं ‘सर्वांना पाठवा’ही दाबलं गेलं.

धोंडबाच्या पायांखालची जमीन सरकली, आणि ती तर सपाट होती! कान पाडून, डोळे मिटून तो उभा राहिला. आता हसतील. आता पिढ्यान्‌पिढ्या हसतील.

पहिला संदेश चिटणीस कोल्ह्यांचा आला. ‘असल्या मजकुरानं जंगलाची बदनामी होते. ताबडतोब काढा.’

दुसरा वानराचा. ‘मला उंचीची भीती वाटते. सहा वर्षं खालच्या फांदीवर बसतोय. घरी म्हणतो, सावली छान आहे.’

मग मोराचा. ‘पिसारा फुलवला की वाटतं, सगळे मागूनच बघतायत.’

मग जी रांग लागली, ती थांबेना. दुपारी तर खुद्द वाघमहाराजांनी लिहिलं, ‘शिकारीला निघालो की पोटात गोळा येतो. सावज निसटेल या काळजीनंच ते निसटतं.’

हरणांनी त्याखाली एवढंच लिहिलं, ‘वाचलं, महाराज.’ यातला कुठला अर्थ घ्यायचा, तो तुमचा तुम्ही घ्या.

कोल्ह्यांनी आपला संदेश घाईघाईनं काढून टाकला आणि नवा टाकला, ‘माझं तर पहिल्यापासून हेच म्हणणं होतं.’

दुसऱ्या दिवशी धोंडबा उताराच्या कडेला येऊन उभा राहिला. साळूमावशीनं मोबाईल वेलीनं त्याच्या शिंगाला बांधला.

“बोलत राहा,” ती म्हणाली. “मी पुढे चालते. शेवाळ दिसलं की सांगते. फक्त माझ्या अंगावर पडू नकोस. तुलाच टोचेल.”

धोंडबानं पाय उचलला. जंगलभर अक्षरं उमटू लागली.

‘उजवा पाय टाकला. गडबड होते आहे.’

‘डावा टाकला. गडबड आहेच.’

‘मावशी म्हणते, दगड कोरडा आहे.’

‘खरंच कोरडा आहे.’

वानर नकळत दोन फांद्या वर चढला, नीट दिसावं म्हणून. वाघमहाराजांनी विचारलं, ‘पुढे?’

‘गडबड आहे. पण पायही चालतायत. दोन्ही एकदम जमतं, हे माहीत नव्हतं.’

आणि मग संदेश थांबले. एक घटका गेली. दुसरी गेली. कोल्ह्यांनी शोकसंदेशाचा मसुदासुद्धा तयार ठेवला.

शेवटी अक्षरं उमटली.

‘थांबा जरा. तोंडात गवत आहे.’

तात्पर्य : कुठलंही बटण दाबण्याआधी शंभरदा विचार करावा. शंभरदा विचार करणारे सहसा घसरत नाहीत. ते वरच राहतात, आणि काड्या चघळतात.